परिचर्येतील माहितीव्यवहार

रुग्णाची शुश्रूषा करताना परिचारिका माहिती मिळवतात, पडताळतात, नोंदवतात आणि पुढच्या पाळीकडे सोपवतात, तो सर्व व्यवहार. केस पेपर, टीपीआर चार्ट (ताप, नाडी व श्वसन यांचा तक्ता), इनटेक-आउटपुटची (शरीरात गेलेल्या व बाहेर पडलेल्या द्रवांची) नोंद व औषधांचा तक्ता ही त्याची लेखी साधने. मोठा भाग मात्र तोंडीच चालतो.

निरीक्षणाला परिचर्येच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय सामान्यतः फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना दिले जाते; त्यांच्या १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात आजाऱ्याच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. तापाच्या आलेखाचे जनकत्व वादाचे आहे. काही अभ्यासक ते बर्लिनचे डॉक्टर लुडविग ट्राउबे यांच्याकडे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, नेतात. बहुतेक ग्रंथ लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिख यांचे नाव घेतात. वुंडरलिख यांचा ग्रंथ १८६८ चा असून आलेखाची पद्धत रूढ झाली ती मुख्यतः त्यामुळे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘नर्सिंग प्रोसेस’ (रुग्णाची गरज ओळखून शुश्रूषा टप्प्याटप्प्याने आखण्याची पद्धत) या संज्ञेबाबतही असेच मतभेद आहेत : अमेरिकी परिचर्यातज्ज्ञांपैकी कोणी लिडिया हॉल (१९५५), तर कोणी आयडा जीन ऑर्लँडो (१९६१) यांना मान देतात. अमेरिकी परिचर्या-अभ्यासक बार्बरा कार्पर यांनी १९७८ मध्ये परिचारिकेच्या ज्ञानाचे शास्त्रीय, कलात्मक, वैयक्तिक व नैतिक असे चार प्रकार मानले.

पुण्यात ससून रुग्णालय १८६७ पासून आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सुरू केलेल्या पुण्याच्या सेवासदनामुळे मराठी स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण खुले झाले. शासकीय कागदांत अधिपरिचारिका, परिसेविका व अधिसेविका ही पदनामे आहेत. वॉर्डात त्याच स्टाफ, इन्चार्ज आणि मेट्रन.

या व्यवहाराचा गाभा म्हणजे ‘ओव्हर’. रात्रपाळीची सिस्टर खाटेखाटेपाशी उभी राहून सकाळच्या सिस्टरला ओव्हर देते : सलाईन किती उरले, लघवीच्या पिशवीत किती जमले, कोणते इंजेक्शन राहिले. तक्त्यात न मावणारेही त्यातच येते. ‘आजोबा कालपेक्षा कमी बोलतात’ या वाक्याला कोणताही रकाना नाही. पण तेवढ्यावरून पुन्हा रक्तदाब घेतला जातो, साखर तपासली जाते आणि डॉक्टरांना फोन जातो.

भाषेचा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा. जुन्नर, भोर वा वेल्ह्याकडून आलेला रुग्ण कळ, ठणका, चमक, आग, ओढ असे वेगवेगळे शब्द वापरतो. इंग्रजी केस पेपरवर त्या सगळ्यांचे ‘पेन’ होते. ‘चक्कर’ म्हणताना खोली फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते, हे सिस्टरने विचारून घ्यावे लागते. दोन्हींची कारणे निराळी असू शकतात. अनुभवी परिचारिका म्हणूनच रुग्णाचा मूळ शब्द ओव्हरमध्ये जसाच्या तसा सांगतात.

शंका आल्यास परिचारिका पुस्तकापेक्षा सहकाऱ्याला विचारणे पसंत करतात, असे ब्रिटन व कॅनडातील अभ्यासांतून दिसते. काहींनी याला वाचनाचा कंटाळा म्हटले आहे. ते पटण्याजोगे नाही. रात्री दोन वाजता औषध किती पातळ करायचे ही शंका आली, तर शेजारच्या वॉर्डातील ज्येष्ठ सिस्टर मिनिटात उत्तर देते, शिवाय या रुग्णाचे मूत्रपिंड कसे आहे तेही विचारते. मात्र ऐकीव उत्तर व्हायलवरील (औषधाच्या कुपीवरील) लेबल आणि सोबतच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहणे अनिवार्य ठरते. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत गेल्यास हृदय थांबू शकते; म्हणून अशा औषधाचे नाव, मात्रा व वेग दुसऱ्या सिस्टरने स्वतंत्रपणे तपासायचे असतात. फोनवर मिळालेली ऑर्डरही लिहून घेऊन डॉक्टरांना परत वाचून दाखवतात आणि नंतर तिच्यावर त्यांची सही घेतात.