बिंबाभ्रिका : आकाशातली आणि भिंतीवरची

सूर्यासारखा तारा आयुष्याच्या अखेरीस आपले बाहेरचे थर अवकाशात सोडून देतो. त्या वायूचा जो प्रकाशमान वेढा दिसतो, तो म्हणजे बिंबाभ्रिका. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातल्या मराठी घरांत ही वस्तू बहुधा आधी कॅनव्हासवर छापलेल्या चित्रात भेटते. आकाशात ती शोधायला फार थोडे जातात.

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शल यांनी 1781 मध्ये युरेनस शोधला होता. त्यानंतर दुर्बिणीत दिसलेली अशी गोल बिंबे त्यांना ग्रहांसारखी वाटली आणि इंग्रजीत ‘प्लॅनेटरी नेब्युला’ हे ग्रहांचेच नाव चिकटले. ग्रहांशी त्यांचा संबंध काहीच नाही. मराठी परिभाषेने ही चूक टाळली, कारण तिने फक्त बिंबासारखे दिसणे तेवढे उचलले.

गाभ्यातला हायड्रोजन संपला की तारा फुगून तांबडा महातारा होतो. त्याचे थर सुटत जातात आणि आतला तापलेला गाभा उघडा पडतो. त्याचे तापमान सुमारे 30,000 अंशांवर गेले की त्याच्या जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांनी भोवतालच्या अणूंतले इलेक्ट्रॉन निखळतात आणि वायू उजळतो. वायू सेकंदाला 20 ते 30 किलोमीटर वेगाने पसरतो. 20 चा वेग धरला, तरी एक प्रकाशवर्ष ओलांडायला त्याला सुमारे 15,000 वर्षे लागतात. तेवढ्या काळात तो इतका विरळ होतो की दिसेनासा होतो. मागे निवत जाणारा श्वेतखुजा, म्हणजे ताऱ्याचा तो लहानसा घट्ट गाभा, उरतो. सूर्याच्या आठपटींहून जड तारे मात्र स्फोटाने मरतात. 1054 मध्ये दिसलेल्या अशाच एका स्फोटाचा अवशेष म्हणजे वृषभ राशीतली खेकडा अभ्रिका. चित्रे विकताना दोन्ही प्रकार ‘गॅलक्सी’ म्हणून खपवतात, पण दोन्हींपैकी एकही दीर्घिका नव्हे.

रंगांची गोष्ट जास्त गमतीची. 1864 मध्ये खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांना एका बिंबाभ्रिकेच्या वर्णपटात, म्हणजे तिचा प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यात, अनोळखी हिरव्या रेषा दिसल्या. त्या ‘नेब्युलियम’ या नव्या मूलद्रव्याच्या असाव्यात, असे पुढे मानले गेले. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन त्या देतो, हे शास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी 1927 मध्ये दाखवले. हबल दुर्बिणीच्या चित्रांच्या एका प्रचलित पद्धतीत गंधक तांबडे, हायड्रोजन हिरवा आणि ऑक्सिजन निळा दाखवतात. म्हणजे मुळात हिरवा असलेला ऑक्सिजन भिंतीवर निळा होतो. याला खोटेपणा म्हणता येणार नाही. नकाशात समुद्र निळा रंगवतात, तसाच हा संकेत.

डोळ्यांनी पाहायचे तर दिवाळीच्या सुमारास खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या अंधारात जावे. संध्याकाळी वायव्येला अभिजित हा ठळक तारा दिसतो. त्याच्याच स्वरमंडल तारकासमूहात वलय अभ्रिका आहे. लहान दुर्बिणीतून ती विडीच्या धुराच्या कड्यासारखी करडी दिसते; निपाणीकराला दुसरी उपमा शोधावी लागत नाही. चित्र पाहून गेलेला माणूस इथे हमखास हिरमुसतो.

चित्र छापून घेताना चार फूट रुंदीसाठी इंचाला 150 बिंदू धरले, तर मूळ फाइल 7,200 पिक्सेल रुंद हवी. मोबाइलवर आलेली प्रत पुरत नाही. पाऊस झोडपणाऱ्या भिंतीवर ते लावू नये आणि फ्रेममागे हवेला फट ठेवावी. खानापूरच्या पावसात भिंतीला ओल आली की काळ्या पार्श्वभूमीवर बुरशीचे पांढरे ठिपके उठतात, आणि ते ताऱ्यांपासून वेगळे ओळखणे कठीण जाते.