कापडाच्या दशा निघणे आणि दोरा पिंजणे

शिवणकाम किंवा भरतकाम करताना सुटे धागे दिसू लागले की आपण सरसकट ‘धागे निघताहेत’ एवढेच म्हणतो आणि हाताशी असलेला एखादा उपाय करून मोकळे होतो. प्रत्यक्षात या एकाच तक्रारीखाली दोन निराळे दोष येतात. पहिला दोष कापडाचा असतो, कारण त्यात कापलेल्या कडेवरून विणीतले उभे किंवा आडवे धागे सुटून दशा निघतात. दुसरा दोष दोऱ्याचा असतो, कारण त्यात सुईत ओवलेला दोरा टाके घालता घालता पिंजतो, त्यावर तूस येते, त्याचे पदर फुटतात आणि अखेरीस तो तुटतो. पहिल्या दोषात धागा शाबूत असतो, फक्त त्याला धरून ठेवणारी पकड गेलेली असते. दुसऱ्यात धागाच झिजलेला असतो. थोडक्यात, एकीकडे घर्षण कमी पडते आणि दुसरीकडे ते जास्त होते, त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही आणि काही वेळा उलट नुकसानच करतो.

दोष कोणता आहे हे ठरवण्यासाठी सुटलेला तुकडा विरुद्ध रंगाच्या कागदावर ठेवून नीट पाहावा. कापडातून निघालेला धागा सहसा लांब आणि अखंड असतो, त्याची टोके स्वच्छ कापलेली असतात आणि त्याच्या अंगावर बारीक नागमोडी वळणे दिसतात; विणीत तो दुसऱ्या दिशेच्या धाग्यांच्या खालून-वरून गेलेला असतो, त्याचीच ती खूण. पिंजलेल्या दोऱ्याचे टोक मात्र कुंच्यासारखे फुललेले असते आणि त्यातले तंतू असमान लांबीवर तुटलेले दिसतात.

विणलेल्या कापडात ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, एकमेकांना केवळ घासून धरून ठेवतात. तिथे गाठ नसते आणि गोंदही नसतो. कड कापली की तिला समांतर असलेल्या शेवटच्या धाग्याला बाहेरून अडवणारे काहीच उरत नाही, म्हणून तो सरकत बाहेर येतो आणि तो गेला की पुढच्याची पाळी येते. मूळ किनारीला हा त्रास होत नाही, कारण तिथे बाण्याचा धागा वळून परत आत गेलेला असतो. साटीनमध्ये धागे बराच अंतर मोकळे धावतात आणि एकमेकांत कमी वेळा अडकतात, शिवाय ते गुळगुळीतही असतात, म्हणून त्याच्या दशा भराभर निघतात. विरळ विणीचे लिननही असेच त्रास देते. घट्ट विणीचे सुती कापड त्या मानाने शांत असते. उरेब, म्हणजे धाग्यांच्या दिशेला तिरप्या, कापलेल्या कडेवर प्रत्येक धागा तिरका तुटलेला असल्यामुळे एकही धागा कडेच्या पूर्ण लांबीने निघू शकत नाही, आणि म्हणूनच पायपिंगची पट्टी उरेब कापली की तिला वेगळी कड बांधावी लागत नाही. होजियरीच्या कापडाची कड गुंडाळली जाईल किंवा तिचे फासे सुटतील, पण अशा दशा तिला येत नाहीत.

यावरून उपायांचे तर्कशास्त्र स्पष्ट होते: कडेच्या धाग्यांना नवी पकड द्यायची. ओव्हरलॉक मशीन हे काम सर्वांत चोख करते, कारण ते कड कापते आणि त्याच वेळी तिच्याभोवती दोऱ्यांचे वेढे घालते. घरच्या मशीनवर झिगझॅग पुरेसा होतो, मात्र सुईचा बाहेरचा टाका कडेच्या किंचित पलीकडे पडला पाहिजे. पूर्ण टाका आत पडला तर त्याच्या बाहेरचे धागे सुटतच राहतात. पातळ कापडावर झिगझॅग फार दाट किंवा फार घट्ट घातला तर कड आत ओढली जाऊन तिची नळी होते, त्यामुळे तिथे ताण सैल ठेवणे शहाणपणाचे. पातळ कापडासाठी माझा कल फ्रेंच शिवणीकडे आहे: कापडाच्या उलट बाजू एकमेकांना लावून साधारण ५ मिलिमीटरवर पहिली टीप मारायची, माया, म्हणजे टिपेबाहेर उरलेली कापडाची पट्टी, कातरून बारीक करायची, कापड उलटवून सुलट बाजू एकमेकांवर आणायच्या आणि दुसऱ्या टिपेत कच्ची कड कायमची बंद करायची. जाड कापडावर मात्र या शिवणीचा वळ उठतो आणि बगलेसारख्या तीव्र वळणावर ती नीट बसत नाही.

नागमोडी कात्रीवर लोकांचा विश्वास जरा जास्तच आहे. ती कडेला छोटे तिरके काप देते, त्यामुळे दशा निघण्याचा वेग मंदावतो, पण थांबत नाही. घट्ट विणीच्या आणि वारंवार न धुतल्या जाणाऱ्या वस्तूला ती चालते. पॉलिस्टर किंवा नायलॉनची कड आचेने वितळवून बंद करता येते, पण सुती किंवा व्हिस्कोस कापड वितळत नाही, ते जळते. शिवाय वितळलेली कड कडक होऊन अंगाला टोचते. दशा थांबवण्यासाठी कडेला लावायचा द्रव नेहमी आधी चिंधीवर लावून पाहावा, कारण काही कापडांवर तो वाळल्यावर डाग ठेवतो. नेलपॉलिशचा सल्ला ऐकण्यात येतो, तो मला पटत नाही.

दोऱ्याकडे वळले की सगळा विचार उलटा करावा लागतो. शिवणीचा दोरा दोन किंवा तीन पदर एकत्र पिळून केलेला असतो. मशीनवर एका टाक्यात जेमतेम दोन-तीन मिलिमीटर दोरा खर्च होतो, पण त्या टाक्यासाठी कितीतरी जास्त दोरा खाली बॉबिनभोवती जातो आणि वर ओढला जातो. परिणामी दोऱ्याचा तोच भाग कापडात कायमचा बसण्याआधी सुईच्या नेढ्यातून कित्येक डझन वेळा मागे-पुढे घासला जातो. नेढे अरुंद असेल, त्याच्या कडेला खरवड असेल किंवा ताण जास्त असेल, तर प्रत्येक फेरीत काही तंतू तुटतात आणि दोरा पिंजतो.

म्हणून पहिला संशय सुईवर घ्यावा. सुईवरचा ९० हा आकडा तिची जाडी ०.९ मिलिमीटर असल्याचे सांगतो, आणि सुई बारीक झाली की नेढेही लहान होते. सुई मशीनमधून काढून दोऱ्याच्या वीतभर तुकड्यात ओवावी आणि तुकडा तिरका ताणून धरावा; सुई आपसूक खाली घसरली तर नेढे योग्य आहे, अडखळली तर एक आकडा मोठी सुई लावावी. भरतकामाच्या दोऱ्यासाठी मोठ्या नेढ्याची खास सुई मिळते, आणि जरीसारख्या चकाकत्या दोऱ्याला तर ती लागतेच, कारण त्यात गाभ्याभोवती गुंडाळलेली पातळ पट्टी घासली की उलगडते. अशा वेळी मशीनचा वेग आणि वरचा ताण दोन्ही कमी ठेवावेत. नव्या सुईनेही दोरा पिंजत राहिला, तर सुई ज्या पट्टीच्या भोकातून खाली जाते त्याची कड बोटाने चाचपून पाहावी, कारण सुई आपटून तिथे ओरखडा पडलेला असू शकतो.

हाताच्या भरतकामात कारण तेच असते, फक्त गती वेगळी. दोरा जितका लांब, तितक्या जास्त वेळा त्याचा सुईकडचा भाग कापडातून जातो, म्हणून साधारण ४५ सेंटिमीटरपेक्षा लांब दोरा घेऊ नये. जरीसाठी त्याहून आखूड घ्यावा. सहा पदरी दोऱ्यातून हवे तेवढे पदर एकेक करून ओढून काढावेत आणि मग पुन्हा जुळवावेत. एकदम दोन-तीन ओढले की उरलेले गुंततात. काम करताना हाताच्या फिरण्याने पीळ वाढतो किंवा सुटतो, त्यासाठी अधूनमधून कापड उलटे धरून सुई लोंबकळू द्यावी, म्हणजे दोरा स्वतःच गिरकी घेऊन मूळ स्थितीत येतो. सुईही इतकी बारीक नसावी की तिने पाडलेल्या छिद्रातून दोरा खरडत जाईल. हातशिलाईच्या साध्या दोऱ्याला मेण लावणे उत्तम, पण रेशमी किंवा चमकदार भरतकामाच्या दोऱ्याला मेण लावले की त्याचा तजेला जातो.

दोन्ही दोषांची खरी गल्लत होते ती एकाच कापडावर ते एकत्र आले की. भरतकामासाठी कापड ताणून धरणाऱ्या रिंगमध्ये बसवलेल्या कापडाची कड मोकळी असेल, तर तिच्या दशा मागच्या बाजूला भरतकामाच्या दोऱ्यात अडकतात, दोरा ओढला जाऊन पिंजतो आणि दोष दोऱ्याच्या प्रतीला दिला जातो. तिथे नवी लडी आणून काही साधत नाही. काम सुरू करण्याआधी चारही कडांना हाताने सैल तिरके टाके घालावेत. याउलट, सुटणारी कड धरून ठेवण्यासाठी आतून चिकटवलेले फ्यूजिंग कडेला खरोखर उपयोगी पडते, पण त्याचा चिकट थर सुईला लागला की नेढ्यापाशी राप जमतो आणि आतापर्यंत नीट चालणारा दोरा पिंजू लागतो. अशा वेळी सुई पुसून घ्यावी किंवा बदलावी.

आणखी एका प्रकारात या दोन्हींपैकी काहीच झालेले नसते. घट्ट बसणाऱ्या कपड्याच्या शिवणीजवळ फट पडलेली दिसते, टीप जागच्या जागी असते, दोरा शाबूत असतो, पण कापडाचे धागे टिपेपासून सरकून लांब गेलेले असतात. शिवण उसवली असे समजून त्याच रेषेवर पुन्हा टीप मारली जाते आणि फट थोड्याच दिवसांत परत येते. गुळगुळीत कापडाचा तो गुण आहे. तिथे माया रुंद ठेवावी, ती एका बाजूला दुमडून वरून दुसरी टीप मारावी आणि कपडा अंगाला थोडा सैल बेतावा.