सुई वर निघते तेव्हा

आईच्या पायमशीनवर मी पहिल्यांदा उशीचा अभ्रा शिवायला बसले, तेव्हा वरून टीप अगदी सरळ दिसत होती. कापड उलटलं तर खाली दोऱ्याचं घरटं झालेलं. गुंता खाली आहे म्हणजे बिघाडही खालीच, असं समजून मी बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाच्या, डबीवरचा बारीक स्क्रू कधी आवळत, कधी सैल करत बसले. त्यात दोन दिवस गेले. शेवटी मशीन दुरुस्त करणारे काका आले. त्यांनी डबीला हातसुद्धा लावला नाही. प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचलला, वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवला आणि चाक फिरवलं. टीप दोन्ही बाजूंनी सारखी आली.

खाली दिसणारा गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतो. हे पटायला अवघड जातं, कारण सुई कापडाखाली गेल्यावर काय घडतं ते आपल्याला दिसत नाही.

हाताने शिवताना सुई कापडातून आख्खी आरपार जाते आणि दोरा मागून ओढून नेते. तिचं नेढं मागच्या टोकाला असतं. (राजगडाच्या सुवेळा माचीवर खडकाला जे आरपार भोक आहे, त्यालाही आपण नेढंच म्हणतो. हा शब्द मला फार आवडतो.) मशीनची सुई मात्र एका टोकाला घट्ट पकडलेली. ती आरपार जाऊच शकत नाही, आत जाते आणि आल्या वाटेने परत येते. मग टाका पडायचा कसा? त्यासाठी नेढं टोकाजवळ आणावं लागलं आणि खाली दुसरा दोरा ठेवावा लागला. अमेरिकेत एलियास हाव यांनी १८४६ मध्ये अशा यंत्राचं पेटंट घेतलं. त्यांची सुई वाकडी होती आणि आडवी चालायची. आयझॅक सिंगर यांच्या १८५१ च्या पेटंटमधल्या यंत्रात ती सरळ झाली आणि उभी खालीवर जाऊ लागली.

मशीनची सुई बोटांत धरून उजेडाकडे करा. वरचा भाग एका बाजूने चपटा असतो. त्याच्या विरुद्ध बाजूला सुईच्या लांबीभर एक खाच असते. चपट्या बाजूला अशी लांब खाच नसते, नेढ्याच्या जरा वर थोडासा खळगा दिसतो. सगळं मशीन या फरकावर चालतं. सुई खाली जाताना खाचेच्या बाजूचा दोरा खाचेत लपतो, त्याला कापड घासत नाही. दुसऱ्या बाजूचा दोरा सुई आणि कापड यांच्यामध्ये दाबला जातो. सुई तळाला पोचते आणि दोनेक मिलिमीटर वर निघते. खाचेतला दोरा तिच्याबरोबर सहज वर सरकतो. पलीकडच्या दोऱ्याला कापडाने धरून ठेवलेलं असतं. तो वर येऊ शकत नाही, म्हणून बाहेर फुगतो. तिथे एक इवलासा फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचं, म्हणजे डबीभोवती फिरणाऱ्या आकड्याचं, टोक येतं आणि त्या फासात शिरतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. बॉबिनवरची सरकती पट्टी उघडा, बॅटरीचा उजेड टाका, सुईत लाल दोरा ओवा, सुईखाली जाडसर कापड ठेवा आणि चाक हाताने अगदी हळू आपल्याकडे फिरवा. सुई तळाला जाऊन किंचित वर निघाली की लाल दोरा फुगताना दिसेल. मी शिवण शिकवते, तिथे पहिल्या दिवशी कुणालाच टीप घालू देत नाही. आधी हा फास बघायचा.

तो एकदा पाहिला की मशीन लावण्याचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत. सुईची चपटी बाजू शटलकडेच का हवी? कारण फास त्या बाजूला फुगतो. सुई उलटी बसली तर फास पलीकडे पडतो, शटल मोकळंच फिरतं आणि टाका सुटतो. आपल्या काळ्या पायमशीनवर चपटी बाजू डावीकडे येते आणि दोरा उजवीकडून ओवायचा असतो. समोरून बॉबिन घालायच्या नव्या मशीनवर चपटी बाजू मागे असते. कुठल्याही मशीनवर दोरा खाचेच्या बाजूनेच आत जातो. सुई वरपर्यंत, पूर्ण आत ढकलून मगच स्क्रू आवळायचा. ती जरा जरी खाली राहिली तरी फास आणि शटल यांची गाठ चुकते.

सुईचा नंबरही असाच. नेहमीच्या सुती कापडाला १४ नंबर लागतो, म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलिमीटर. मलमलीला ११, जीन्सला १६ किंवा १८. दोरा खाचेत मावला पाहिजे. मावत नसेल तर तो कापडावर घासतो, विरतो आणि तुटतो. याची साधी परीक्षा आहे: सुटी सुई दोऱ्यात ओवा, दोरा दोन्ही हातांत तिरका ताणून धरा. सुई आपल्या वजनाने घसरत खाली आली पाहिजे.

आता फासाचं पुढे काय होतं? शटल त्याला पकडून रुंद करतं आणि आख्ख्या बॉबिनच्या डबीभोवती फिरवून आणतं. सुताराने लाकडाभोवती दोरी टाकावी तसं. डबीतला दोरा आपोआप फासाच्या आत येतो. दरम्यान वरचा टेक-अप लिव्हर, म्हणजे दोरा खेचणारी खालीवर होणारी दांडी, झपकन वर जातो आणि उरलेला दोरा परत खेचून घेतो. एका टाक्याला जेमतेम तीन-चार मिलिमीटर दोरा खर्च होतो, पण डबीला वळसा घालायला त्याच्या कितीतरी पट दोरा खाली जाऊन परत येतो. दोऱ्याचा एकच भाग कापडात बसण्याआधी तीसेक वेळा नेढ्यातून घासत जातो. स्वस्त, केसाळ दोऱ्याने मशीनवर शिवू नये असं मी सांगते ते याचसाठी.

माझ्या अभ्र्याचं गणित इथे सुटतं. वरचा दोरा दोन चकत्यांच्या मधून जातो आणि स्प्रिंग त्यांना दाबून धरते. प्रेशर फूट खाली असला की चकत्या मिटलेल्या, वर असला की उघड्या. मी फूट खाली ठेवून दोरा ओवला होता. तो चकत्यांमध्ये शिरलाच नाही, वरवर टेकून राहिला. मग टेक-अप लिव्हर वर गेला तेव्हा त्याने खालचा फास खेचायच्या ऐवजी रिळावरचा नवा दोरा ओढला, कारण तिकडे काहीच अडकाव नव्हता. प्रत्येक टाक्याचा फास खालीच राहिला. पन्नास टाके म्हणजे पन्नास फास, तेच माझं घरटं. म्हणून दोरा ओवताना फूट वर हवा. हे मी शिकणाऱ्यांच्या वहीत लाल शाईने लिहून घेते.

दोन्ही दोऱ्यांचा ताण जमला की गाठ कापडाच्या जाडीत मधोमध बसते. वर लाल, खाली पांढरा दोरा घालून चिंधीवर टीप मारा. खालच्या बाजूला लाल ठिपके आले तर वरचा ताण कमी आहे, वर पांढरे आले तर जास्त. डबीचा ताण पाहायला भरलेली डबी दोऱ्याने लोंबकळत धरा. ती जागेवर राहिली पाहिजे आणि मनगटाला हलका झटका दिला की थोडीशी उतरली पाहिजे. एवढं जमलं असेल तर त्या बारीक स्क्रूला हात लावू नका.

कापड पुढे नेणं हे फुटाखालच्या पट्टीतून वर डोकावणाऱ्या दात्यांचं काम. ॲलन विल्सन यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेली युक्ती आजही तशीच चालते: दाते वर येतात, मागे जातात, खाली बुडतात, पुढे येतात. सुई कापडाबाहेर असतानाच ते कापड सरकवतात. तुम्ही मागून ओढलंत तर सुई वाकते आणि पट्टीवर आपटून मोडते. दात्यांचा एक स्वभाव मात्र ओळखून असावं. ते फक्त खालच्या पदराला धरतात. वरचा पदर फुटाखाली घासत, जरा मागे रेंगाळत येतो. गोधडीच्या लांब टिपेला शेवटी वरचं कापड बोटभर उरतं ते त्यामुळे, कापताना चूक झालेली नसते. आधी कच्चा दोरा घालून घ्यावा.

पायमशीनवर सुरुवातीला चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. पायाने दिलेला जोर दांड्यातून चाकाला मिळतो. पण दांडा अगदी वर किंवा अगदी खाली असताना तो चाकाच्या मध्याच्या रेषेत येतो, तेव्हा कितीही दाबलं तरी चाक कुठे फिरावं हे ठरत नाही. हाताने आपल्याकडे एक हिसका दिला की दिशा ठरते. मग जड चाकाचा वेगच त्याला त्या अडलेल्या जागेतून पार नेतो. थांबताना टेक-अप लिव्हर सगळ्यात वर आणून थांबा. तेव्हा फास शटलमधून सुटलेला असतो आणि कापड अलगद बाहेर येतं.

तेल मशीनचंच घाला. घरातलं खोबरेल घालायचा मोह होतो, पण ते २४ अंशांच्या खाली गोठतं, हे हिवाळ्यातली बाटली पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. करडईचं किंवा सोयाबीनचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन चिकट होत जातं. अशा तेलाने जाम झालेलं मशीन मी स्वतः उघडलं आहे, आत राळेसारखा थर होता.

तेल घातल्यावर दोरा न ओवता चाक थोडं फिरवायचं. मग सुती चिंधीची घडी फुटाखाली ठेवून सुई तिच्यात उतरवायची आणि मशीन झाकायचं. आईच्या मशीनखाली कायम पिवळ्या परकराचा एक तुकडा असायचा. सकाळी तो काढला की त्यावर तेलाचा ठिपका आणि दात्यांच्या बारीक रेघा उमटलेल्या असत.