कांट वाचताना: ‘विश्लेषक’ वेगळे, ‘प्रागनुभविक’ वेगळे

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटचा ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ (१७८१, सुधारित आवृत्ती १७८७) हा ग्रंथ वाचायला घेतला की बहुतेकांना पहिली ठेच उपोद्घातातच लागते. ‘विश्लेषक’ विधान आणि ‘प्रागनुभविक’, म्हणजे ए प्रायोरी, ज्ञान या दोन संज्ञा तिथे जवळजवळ येतात आणि वाचक त्या समानार्थी धरून पुढे जातो. मग कांटचा मुख्य प्रश्नच त्याच्या हातून निसटतो.

या दोन संज्ञा दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. विधेयाची कल्पना उद्देश्याच्या कल्पनेत आधीच सामावलेली आहे का, हा पहिला प्रश्न. सामावलेली असेल तर विधान विश्लेषक, बाहेरून जोडलेली असेल तर संश्लेषक. विधान खरे मानायला आधार कशाचा, हा दुसरा प्रश्न. अनुभवाचा आधार लागत असेल तर ते अनुभवाश्रित, लागत नसेल तर प्रागनुभविक. दोन्ही उत्तरांच्या जोड्या लावल्या की चार घरे होतात.

‘मामा हा आईचा भाऊ असतो’ हे वाक्य घ्या. (इथे नात्याचाच मामा, चौकातल्या पोलिसाला मारलेली हाक नव्हे.) ते नाकारून पाहा: ‘हा मामा आहे, पण आईचा भाऊ नाही.’ सरळ व्याघात होतो, म्हणजे वाक्य स्वतःलाच खोडते, म्हणून विधान विश्लेषक. ‘मामा उंच आहे’ हे नाकारले तर काहीच बिघडत नाही; ते संश्लेषक, आणि खरे की खोटे हे मामाला पाहूनच ठरणार.

इथे हमखास एक गल्लत होते. ‘मामा’ हा शब्द मूल अनुभवानेच शिकते, मग पहिले वाक्य प्रागनुभविक कसे? कारण ‘प्राक्’ म्हणजे वेळेने आधी नव्हे. आपले सगळे ज्ञान अनुभवाबरोबरच सुरू होते, हे कांट उपोद्घाताच्या आरंभीच मान्य करतो; पण ते सगळे अनुभवातूनच उगवते असे नाही, असेही लगेच सांगतो. कल्पना कुठून आली हा एक मुद्दा, विधानाला आधार कशाचा हा दुसरा. म्हणूनच ‘सोने हा पिवळा धातू आहे’ हेही तो विश्लेषक आणि प्रागनुभविक मानतो, सोन्याची कल्पना अनुभवातून आलेली असूनही.

प्रत्येक विश्लेषक विधान प्रागनुभविक असते. उलट मात्र खरे नाही, आणि कांटचे सारे लक्ष तिथेच आहे. ७ + ५ = १२ पाहा. ‘सात आणि पाच यांची बेरीज’ या कल्पनेची कितीही फोड केली तरी दोन संख्या एकत्र करायच्या एवढेच हाती लागते. ती संख्या बारा हे त्यात सापडत नाही. त्यासाठी पाच बोटे किंवा पाच ठिपके समोर धरून एकेक मिळवत जावे लागते. म्हणून विधान संश्लेषक. मोठे आकडे घेतले की हे जास्त स्पष्ट दिसते, असे कांट स्वतःच सुचवतो.

बोटे मोजली म्हणजे ते अनुभवाश्रित झाले का? नाही. मोजणीत अकरा आले तर आपण पुन्हा मोजतो, अंकगणित बदलत नाही. अनिवार्यता आणि निरपवाद सार्वत्रिकता या कांटने दिलेल्या प्रागनुभविकाच्या दोन खुणा, आणि त्या इथे दोन्ही आहेत. ‘प्रत्येक बदलाला कारण असते’ हेही याच, संश्लेषक आणि प्रागनुभविक, घरातले. त्यात एक बारकावा आहे: ‘बदल’ ही कल्पना अनुभवातून येते, म्हणून कांट या विधानाला प्रागनुभविक म्हणतो, पण ‘शुद्ध’ प्रागनुभविक म्हणत नाही. चौथे घर, विश्लेषक आणि अनुभवाश्रित, त्याच्या मते रिकामेच राहते; व्याघात ओळखायला अनुभव लागत नाही.

मग संश्लेषक असूनही प्रागनुभविक असलेली विधाने शक्य तरी कशी होतात? अवकाश आणि काल ही आपल्या संवेदनशक्तीची रूपे आहेत, कारणता ही आकलनशक्तीची मूलकल्पना आहे, हे कांटचे उत्तर याच प्रश्नाचे आहे. प्रश्न नीट कळला नसेल तर ते हवेत लटकल्यासारखे वाटते.

पुढे जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे वाचणाऱ्यांनी सावध राहावे. १८८४ मध्ये त्याने अंकगणित विश्लेषक आहे असे मांडले, भूमितीबाबत मात्र तो कांटच्याच बाजूने राहिला. पण त्याच्या लेखी ‘विश्लेषक’ म्हणजे केवळ तर्कनियम आणि व्याख्या यांवरून सिद्ध होणारे. सामावण्याची कसोटी तिथे लावू नये.