इंग्रजी वाक्य मध्येच का अडतं?

सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू, गल्लीत मराठी आणि अक्कलकोटच्या पाहुण्यांशी कन्नड बोलणारी मुलं भेटतात. तीच मुलं इंग्रजीचा धडा वाचताना अडखळतात. शब्दार्थ पाठ नाहीत, असं म्हणून आपण मोकळे होतो. माझ्या मते खरी अडचण वाक्याच्या बांधणीत आहे.

या तिन्ही भाषांत क्रियापद सहसा शेवटी येतं आणि कोणी कोणाला काय केलं हे प्रत्ययांवरून कळतं. ‘मुलाने कुत्र्याला मारलं’ हे ‘कुत्र्याला मुलाने मारलं’ असं फिरवलं तरी मारणारा मुलगाच राहतो. इंग्रजीत शब्दांच्या जागा बदलल्या की मारणारा बदलतो. ‘ज्या मुलाला बाईंनी बोलावलं तो’ असं म्हणून मराठी वाचणाऱ्याला आधीच सावध करते. ‘द बॉय द टीचर कॉल्ड केम लेट’ या वाक्यात मात्र दोन नामं शेजारी येऊन उभी राहतात, खूण कसलीच नाही.

वाचताना डोळे सलग सरकत नाहीत, थांबत-उड्या मारत जातात, हे १८७९ च्या सुमारास पॅरिसमध्ये नोंदलं गेलं. परकी भाषा शिकणाऱ्यांचा विचार मात्र आपल्या उपखंडातही झाला. ढाक्यात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९२६ मध्ये बंगाली मुलांसाठी वाचन आधी, बोलणं नंतर, असा आग्रह धरला आणि मोजक्या शब्दांची वाचनमाला रचली. आपल्याकडे पुढे भर राहिला तो व्याकरण आणि भाषांतरावर.

१९७४ मध्ये लाबर्ज आणि सॅम्युएल्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की लक्ष मर्यादित असतं. अक्षरं जुळवण्यातच ते खर्ची पडलं तर अर्थासाठी उरत नाही. म्हणून सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये तोच छोटा उतारा सहज जमेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचण्याची पद्धत सांगितली. फिजीच्या खेड्यांतल्या चौथी-पाचवीच्या वर्गांत गोष्टींच्या पुस्तकांचा अक्षरशः पूर आणला गेला. त्या मुलांचं इंग्रजी वाचन सुधारल्याचं १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. हा प्रयोग मला सगळ्यांत जवळचा वाटतो.

वाद २००६ मध्ये पेटला. परकी भाषा वाचणारे वाक्याची रचना उथळपणे धरतात, शब्दार्थावर भिस्त ठेवतात, असं क्लासेन आणि फेल्सर हे भाषाशास्त्रज्ञ म्हणाले. सरावाने ही दरी भरते, असं मानणारेही अनेक आहेत.

महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून आली. वर्षं वाढली. पण ‘द बॉय’नंतर क्षणभर थांबून, ‘द टीचर कॉल्ड’ एका दमात वाचून दाखवणारा आवाज मुलांच्या कानावर किती वेळा पडतो?