मतदार यादीतून नाव वगळलं असेल तर : अर्ज, कागदपत्रं आणि अपील

मतदानाचा हक्क यादीतल्या नावावर चालतो, ओळखपत्रावर नाही. कार्ड आहे पण नाव नाही, तर मत देता येत नाही. नाव आहे पण कार्ड हरवलंय, तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं पासबुक किंवा मनरेगा जॉब कार्ड चालतं. मतदार चिठ्ठी मात्र २०१९ पासून ओळखीचा पुरावा धरली जात नाही.

नोंदणीसाठी भारतीय नागरिकत्व, पूर्ण १८ वर्षं वय आणि त्या मतदारसंघात नेहमीचं वास्तव्य लागतं. वय १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखांना मोजतात. नवीन किंवा वगळलेल्या नावासाठी नमुना ६. पत्ता बदलला वा चूक सुधारायची असेल तर नमुना ८. अर्ज निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) करता येतो. मदतीसाठी १९५० वर फोन करा.

वयासाठी जन्मदाखला किंवा दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, पत्त्यासाठी वीजबिल, पासबुक किंवा नोंदणीकृत भाडेकरार जोडा. भाडेकरूंची इथंच अडचण होते, कारण घरमालक करार नोंदवतच नाहीत. असा कुठलाच कागद नसेल तर बीएलओनं प्रत्यक्ष येऊन पडताळणी करायची असते. बेघर व्यक्ती तिथंच राहते का, हे पाहायला त्यानं रात्री जायचं असतं.

आधारवरून बरेच वाद कोर्टात गेले. आधार क्रमांक देणं सक्तीचं नाही, असं आयोगानं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. २०२५ मध्ये बिहारच्या विशेष सखोल पुनरीक्षणात (मतदार यादीच्या नव्यानं केलेल्या पडताळणीत) सुमारे ६५ लाख नावं प्रारूप यादीत आली नाहीत. न्यायालयानं ती नावं कारणांसह जाहीर करायला लावली आणि ८ सप्टेंबरला आधार हा या पडताळणीसाठीच्या अकरा कागदांशिवाय बारावा कागद म्हणून स्वीकारायला सांगितलं. तो ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही, हेही स्पष्ट केलं.

स्थलांतर किंवा अपात्रतेच्या कारणावरून नाव काढण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. तसं १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे, आणि लाल बाबू हुसेन प्रकरणात (१९९५) सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. तेव्हा नोटीस कधी, कोणत्या पत्त्यावर पाठवली, हे लेखी विचारा. अर्ज फेटाळला तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशाची प्रत घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका. तोंडी नकारावर अपील करता येत नाही. पहिलं अपील १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे, दुसरं त्यांच्या आदेशानंतर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

निवडणूक लागली की उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव चढत नाही. म्हणून यादी आत्ताच तपासा.

केंद्रावर गेल्यावर तुमच्या नावानं कुणीतरी आधीच मत दिल्याचं कळलं, तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा. ओळख पटली की ते कागदी मतपत्रिकेवर, वेगळ्या लिफाफ्यात घेतलं जातं.