पार्श्वभूमी : शिकारी बाणाचे पाते कसे बदलत गेले

आजच्या कंपाउंड (टोकांना चाके असलेल्या) धनुष्यातून ४०० ग्रेनचा (सुमारे २६ ग्रॅम) बाण सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटला, तर त्यात जेमतेम ९४ ज्यूल ऊर्जा असते. हरणाच्या शिकारीच्या रायफलीची गोळी ३,००० ज्यूलच्या पुढे सहज जाते. बाणाच्या धक्क्याने जनावर पडत नाही. फुप्फुसे आणि मोठ्या रक्तवाहिन्या कापल्या गेल्या की रक्तस्रावाने ते मरते. त्यासाठी पाते रुंद हवे आणि ते खोलवरही जायला हवे. पण रुंदी वाढली की रोध वाढतो आणि खोली घटते. ब्रॉडहेडमधला (शिकारी बाणाच्या रुंद पात्याच्या टोकातला) जवळजवळ प्रत्येक बदल या ओढाताणीतून झाला आहे.

दगडी टोकांच्या काळातही हेच गणित होते. १९९१ मध्ये आल्प्समध्ये बर्फात सापडलेल्या प्राचीन माणसाच्या, ओत्झीच्या, भात्यात १४ बाण होते, त्यांतले दोनच पूर्ण झालेले. त्यांची गारगोटीची टोके बर्च झाडाच्या डांबराने चिकटवून वर दोऱ्याने आवळलेली होती. २००१ मध्ये क्ष-किरण तपासणीत त्याच्याच डाव्या खांद्यात एक दगडी बाणाग्र दिसले. त्याने गळपट्टीच्या हाडाखालची धमनी कापली होती. धातू आल्यावर कामाप्रमाणे टोके वेगळी झाली. मध्ययुगीन युरोपात चिलखतासाठी सुईसारखे बॉडकिन होते, तर शिकारीसाठी रुंद पाते. आपल्याकडच्या महाकाव्यांतला ‘क्षुरप्र’ही वस्तऱ्यावरून नाव पडलेला बाण.

आधुनिक धनुष्य-शिकारीची सुरुवात मात्र अमेरिकेतली. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा इशी लोकांसमोर आला. डॉ. सॅक्सटन पोप त्याच्याकडून धनुष्यबाण शिकले. इशी ऑब्सिडियनची आणि बाटलीच्या काचेचीही बाणाग्रे घडवत असे. काचेची धार अप्रतिम, पण हाडावर ती फुटते. त्यामुळे पुढच्या शिकाऱ्यांनी पोलादच पत्करले. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने हरणासाठी धनुष्याचा स्वतंत्र हंगाम दिला आणि पात्यांना बाजारपेठ मिळू लागली.

त्या काळातली अडचण धारेची होती. जाड पोलादी पाते कानशीने घासून धार लावावी लागे आणि ती सगळ्यांना जमत नसे. धनुष्यनिर्माते फ्रेड बेअर यांनी १९५६ मध्ये आणलेल्या रेझरहेडमध्ये दोन पात्यांच्या मुख्य टोकाला आडवी खाच होती आणि तीत पातळ, आयते धारदार पाते सरकवता येई. खोल घुसण्याचे काम मुख्य पात्याचे, जखम मोठी करण्याचे या जोडपात्याचे.

हे टोक बाणाच्या काठीला पाच अंशांचा उतार देऊन गरम गोंदाने बसवत. गोंद थंड होताना टोक किंचित कलले की बाण भरकटे. स्क्रूने बसणाऱ्या टोकांनी (आज बहुतेक ८-३२ आट्यांची, १०० किंवा १२५ ग्रेनची) हा त्रास कमी केला, संपवला नाही. काठीच्या तोंडात बसवलेले इन्सर्ट (टोकाचा स्क्रू धरणारी आट्यांची नळी) काटकोनात नसेल तर टोक आजही डुलते. बाण दोन आधारांवर ठेवून फिरवावा. अणी एका जागी स्थिर दिसली नाही, तर तो शिकारीला नेऊ नये.

खरी उलथापालथ कंपाउंड धनुष्याने केली. हॉलेस विल्बर ॲलन यांना त्याचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले. पुढची पाती हवेत छोट्या पंखांसारखी वागतात आणि त्यांच्यावरचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. सेकंदाला ५० मीटरवरून ८५ वर गेले की तो जवळपास तिप्पट होतो. बाण दोरीवरून किंचित वाकडा सुटला तर आता पिसांऐवजी पुढची पातीच त्याला वळवू लागतात. म्हणूनच सरावाच्या गोल टोकांचा आणि ब्रॉडहेडचा नेम वेगळा पडतो. दोष बहुधा टोकावर ढकलला जातो; निम्म्याहून अधिक वेळा तो रेस्टच्या (धनुष्यावर बाण टेकतो त्या आधाराच्या) जागेत किंवा काठीच्या चुकीच्या ताठपणात सापडावा, असे आमचे मत. आधी रेस्ट थोडा थोडा सरकवून पाहावा, मग ताठपणा तपासावा, मग मोठी किंवा पीळदार पिसे लावावीत. टोक सर्वांत शेवटी बदलावे.

यावर उद्योगाने काढलेला तोडगा म्हणजे मेकॅनिकल टोक. पाती उडताना मिटलेली राहतात आणि आघाताने उघडतात. कापण्याची रुंदी ४०–५० मिलिमीटरपर्यंत जाते आणि नेम सरावाच्या टोकांच्या जवळ राहतो. किंमत ऊर्जेत मोजावी लागते: पाती उघडण्यात आणि तेवढे मांस कापण्यात ती खर्च होते. कमी ताणाच्या धनुष्याला हे परवडत नाही. पाती मिटवून धरणारे रबराचे कडे जुने झाले तर बाण सुटतानाच ती उघडतात. तिरप्या कोनात बाण घसरतोही. अमेरिकेतल्या काही राज्यांनी अशा टोकांवर बंदी घातली होती. किमान रुंदी ७/८ इंच (२२ मिलिमीटर) असावी आणि उलटे काटे नसावेत, हे नियमही तिथे अनेक ठिकाणी आढळतात.

दुसरीकडे काही शिकारी उलट वाटेने निघाले. डॉ. एड ॲशबी यांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात बाण किती खोल जातो याच्या चाचण्या घेतल्या. त्यांचा कौल जड बाण आणि अरुंद, लांबट, दोन धारांच्या पात्याला होता. मोठे हाड फोडायला सुमारे ६५० ग्रेनचा (४२ ग्रॅम) बाण लागतो, असे त्यांनी मांडले. लांबी रुंदीच्या तिप्पट असावी, हा अमेरिकी धनुर्धर हॉवर्ड हिल यांचा जुना आग्रहही पुन्हा चर्चेत आला. एकाच बाजूने उतार दिलेली धार जखमेत फिरत जाते आणि हाड चिरते. मात्र उजव्या उताराच्या पात्याला पिसांचा पीळही उजवाच लागतो. तो उलटा दिला तर हवेत एका दिशेने फिरणारा बाण शरीरात शिरताच थांबून दुसरीकडे वळू पाहतो, आणि खोली तिथेच वाया जाते.